अम्रीननं बसवलेला पंखा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे भोरात कुणीही सांगेल. हॉटेलवाल्याशी मी चहा पांचट म्हणून भांडलोय, न्हाव्याशी एक कल्ला वर गेला म्हणून, आणि आमच्या साबिराशी भांडायला तर मला कारणही लागत नाही. असा मी तोंडाळ माणूस. पण आयुष्यात एकदा खरोखर बोलायची वेळ आली तेव्हा मी तीन शब्द बोललो, तेही खोटे. त्यांचा भुर्दंड मला नाही, माझ्या पोरीला पडला.

माझं दुकान रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्तीचं. एसटी स्टँडवरून बाजाराकडं यायला लागलं की डाव्या हाताला, फुरकानच्या सायकल दुकानाला लागून. पुढं दुकान, मधे पडदा, पडद्यामागं घर. आधी वडिलांनी चालवलं, मग मी. आमच्या धंद्यात माणसं दोन प्रकारची. एक पार्ट बदलणारी, दुसरी दुरुस्त करणारी. मी दुसऱ्यातला, आणि मला त्याचा माज होता. जो पार्ट अजून धुगधुगतोय तो फेकायचा नाही, जगवायचा, ही आमची रीत. भोंगवलीपासून वेल्ह्यापर्यंतची माणसं पिशवीत रेडिओ घालून माझ्याकडं यायची ती त्यासाठीच. आणि अगदीच बदलावा लागला, तर काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. म्हणजे आपल्याला टोपी घातली नाही हे त्याला दिसतं. घरी नेऊन तो त्याचं काय करायचा कुणास ठाऊक, पण पुडी खिशात घालताना त्याचा चेहरा समाधानी असायचा.

अम्रीन ही माझी एकुलती एक मुलगी. याच टेबलाखाली रांगली. आठव्या वर्षी ती माझ्यापेक्षा साफ सोल्डरिंग करायची. बोटं बारीक, आणि घाई अजिबात नाही. घाई सगळी माझ्याकडं. दोन हजार सालानंतर लोक दुकानात कॉम्प्युटर आणायला लागले तेव्हा मी पहिल्यांदा गडबडलो. रेडिओ उघडला की मला कळतं, आवाज कुठून निघाला आणि कुठं अडला. कॉम्प्युटर उघडला की नुसत्या पट्ट्या आणि वायरी. अम्रीननं मात्र कॉलेज सांभाळून, शनिवार-रविवार एसटीनं पुण्याला जाऊन हार्डवेअरचा कोर्स केला, आणि ते काम हळूहळू तिच्याकडंच गेलं.

तिचं एकच मागणं होतं. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की टेबलाची अर्धी बाजू तिची, आणि बाहेर तिच्या नावाची वेगळी पाटी. मी हो म्हटलं होतं. नुसतं म्हटलं नव्हतं, गावभर सांगत फिरलो होतो. बाकीचे बाप पोरीसाठी स्थळं बघत होते आणि मी रंगाऱ्याकडं पाटीची चौकशी करत होतो. आमच्या नात्यातल्या बायका साबिराला टोमणे मारायच्या, आणि ती मला येऊन सांगायची, आणि मी म्हणायचो, मारू दे.

रखमाजी गुरुजी हे अम्रीनचंच गिऱ्हाईक. राहणार उत्रोली, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्या नोकरीची चौदा वर्षं डोंगरातल्या एका वस्तीच्या शाळेत गेली. एकच खोली, एकच मास्तर, चार इयत्ता. पुढं धरण झालं, ती वस्ती पाण्याखाली गेली आणि माणसं पांगली. कुणाला फलटणकडं जमीन मिळाली, कुणी नसरापूरला हायवेवर हॉटेलात कामाला लागलं, कुणी पुण्यात हमाली करत होतं. गुरुजींनी मनावर घेतलं की आपल्या हाताखालून गेलेलं एकूण एक पोर शोधायचं, आणि एकदा सगळ्यांना पुन्हा एका जागी बसवायचं. त्यासाठी चार वर्षं ते एसटीनं फिरले. एकाकडून दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा.

त्यांच्या पुण्यातल्या मुलानं ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला होता. गुरुजींनी एका बोटानं टाइप करत त्यात यादी केली. नाव, कितवीपर्यंत शिकला, आता कुठं असतो, शेजारी कुणाकडं फोन आहे. दोनशे सत्त्याऐंशी पोरं. आणि एक पत्ता कॉम्प्युटरमध्ये चढला की तो कागदाचा कपटा ते अंघोळीच्या बंबात टाकायचे. नीटनेटका माणूस. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे आता ते कुठं जात नाही, असा त्यांचा विश्वास होता. तसा तेव्हा आम्हा सगळ्यांचाच होता.

दोन हजार चार सालचा जानेवारी. मेळावा मे महिन्यात ठरला होता आणि पत्रं मार्चमध्ये टाकायची होती. एका शुक्रवारी मी दुपारच्या नमाजाला गेलो असताना गुरुजी कॉम्प्युटर पोत्यात घालून टेम्पोतून घेऊन आले. "अम्रीन, ह्यो लई घरघरतोय बघ," म्हणाले. अम्रीननं चालू करून कान लावला. आवाज मागून येत होता, आतल्या सगळ्याला करंट पुरवणारा जो लोखंडी डबा असतो, त्याच्या पंख्याचा. तिनं डबा उघडला. उत्रोलीत भाताचा भुसा हवेतच असतो. पंख्यावर त्याचा थर बसला होता. साफ करूनही पंखा डुगडुगायचा थांबेना. तिच्याकडं पुण्याहून आणलेला तसाच एक नवा पंखा होता. तिनं जुन्याच्या वायरी कापल्या, नवा जोडला, जोडांवर टेप गुंडाळली, चार स्क्रू आवळले. अर्ध्या तासाचं काम. जुना पंखा कागदात गुंडाळून गुरुजींच्या हातात दिला. सगळं रीतीप्रमाणं. मी हे पाहिलं नाही. आल्या आल्या गुरुजींनीच मला कौतुकानं सांगितलं.

कॉम्प्युटर चालू होता आणि आवाज इतका कमी की मला तो बंदच वाटला. गुरुजी खुश होते. माझ्याबरोबर शेजारचा फुरकान होता. नमाजाहून आम्ही बरोबरच आलो होतो. त्यानं दारातूनच आत बघितलं.

"मन्सूरभाई, आता तुमी घरात बसून भाजी निवडा," तो म्हणाला. "काम तर समदं पोरगीच करती. तुमचा रेडिओ बी आता कोन ऐकत न्हाई."

हसला आणि आपल्या दुकानात गेला. फुरकान रोजच असं बोलतो आणि मी रोज त्याला दोन शिव्या हासडतो, की हिशेब मिटला. त्या दिवशी मात्र शिवी सुचली नाही. बोलणं खरं होतं म्हणून वर्मी लागलं.

मी गुरुजींच्या हातातली पुडी मागून घेतली. पंखा बाहेर काढला आणि बोटानं फिरवला. फिरला.

"ह्याला काय झालंय?" मी अम्रीनला विचारलं. "चालतोय की चांगला."

"अब्बा, दांडी ज्यात फिरती त्यो बुश झिजलाय," ती हळूच म्हणाली. "तेलानं थोडे दिस चालंल, मग अडकंल. त्यो डबा लई तापतो आत."

"तेलानं किती दिस चालतंय ते तू मला शिकवनार? तीस वर्षं झाली मला हितं बसून."

"ऱ्हाऊ द्या की मन्सूरभाई," गुरुजी म्हणाले. "झ्याक चाललंय."

पण मला ऱ्हाऊ द्यायचं नव्हतं. मी जुन्या पंख्याच्या मागचं गोल स्टिकर नखानं सोललं, आत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, स्टिकर परत चिकटवलं. टेपरेकॉर्डरच्या मोटारी मी अशाच जगवल्या होत्या, शेकड्यांनी. मग अम्रीनचा नवा पंखा काढला आणि त्या जागी जुना बसवला. चालू केला. घरघर गेली होती. मी अम्रीनकडं न बघता, पण तिला ऐकू जाईल असं, गुरुजींना म्हणालो, "पार्ट काय, कोन बी बदलतंय. त्याला दुरुस्ती म्हनत न्हाईत."

टेबलावर पडलेला नवा पंखा अम्रीननं उचलून खोक्यात ठेवला आणि आत गेली. मी गुरुजींचा कॉम्प्युटर टेम्पोपर्यंत पोचवला. त्या दिवशी मला जेवण चांगलं गेलं, हेही खरं ते सांगून टाकतो.

अठरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. पोतं खाली ठेवलं तेव्हाच जळका वास आला. मी उघडलं. पंखा जाम झालेला. माझं तेल तापून पातळ झालं होतं, पसरलं होतं, आणि त्यात भुसा बसून त्याची चिक्की झाली होती. टेपरेकॉर्डर तापत नाही, हा डबा तापतो. एवढाच फरक, आणि तो मला माझ्या पोरीनं सांगितला होता. पंखा थांबला, डबा तापत गेला, आतलं काहीतरी फुटलं आणि फुटताना भलताच करंट पुढं सोडून गेलं. ज्या हार्डडिस्कमध्ये यादी होती, तीही त्यात गेली. मला हे कळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गुरुजी स्टुलावर बसले होते. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली होती.

"यादी निघंल का?" त्यांनी विचारलं.

"पुण्याला दाखवू," मी म्हणालो. पुढं ती डिस्क दाखवलीही. तिथल्या माणसानं दोन दिवस ठेवून घेतली आणि मान हलवून परत दिली.

"मन्सूरभाई, ह्ये झालं कशानं?"

साधा प्रश्न. तोवर वासानं फुरकान दारात येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागं बाजारातली आणखी दोन माणसं. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात फुरकानच बोलला.

"कशानं म्हंजे? त्या दिशी पोरीनं उघडला व्हता न्हवं? म्या सोता ऐकलं. असलं काम नवशिक्या हातात देऊ नई, मन्सूरभाई."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. मी पंखा परत बदलला तेव्हा तो आपल्या दुकानात होता, त्याला कसं माहीत असणार? माहीत होतं ते गुरुजींना. पण मला वाटलं, मास्तर माणूस, त्यांना पंख्यातलं काय कळतंय. गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. दारातली माणसंही बघत राहिली. वडिलांचं नाव, माझी तीस वर्षं, एवढं सगळं मला त्या क्षणी आठवलं. आठवली नाही ती फक्त अम्रीन.

मी म्हणालो, "चालायचंच. पोर हाय."

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली. "बरं," म्हणाले आणि उठले. पोतं तिथंच राहिलं.

भोर काही मोठं नाही. मन्सूरच्या पोरीनं गुरुजींचा कॉम्प्युटर जाळला, हे दिवस मावळायच्या आत चौकात पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्याच घरात करून दाखवलं. कॉम्प्युटर घेऊन येणारे लोक आता सांगायला लागले, "तुमीच बघा बरं का, पोरीच्या हातात देऊ नका." मी मान हलवायचो. पहिल्यांदा खोटं बोलताना जीव वरखाली झाला होता. नंतर तेवढा होईना.

साबिरानं एकदाच विचारलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "पोरीनं केलं, का तुमी?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

तिनं ती भाकरी तव्यावर टाकली आणि दुसरी थापायला घेतली. भांडणाशिवाय गेलेला आमच्या घरातला तो एकच दिवस असेल. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

अम्रीन रडली नाही, रुसली नाही. आठवडाभर दुकानात येऊन बसली. गिऱ्हाईक आलं की उठून आत जायची. मग यायचीच बंद झाली. परीक्षा झाली. पाटीचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. मी स्वतःला सांगत होतो, लोक जरा विसरू देत, मग बोलावू. मी किती शहाणा, ते बघा. लोकांनी विसरायची वाट बघत बसलो आणि ज्यानं सांगायचं तो मीच होतो.

मेमधला मेळावा गुरुजींनी रद्द केला नाही. लाउडस्पीकर माझाच होता. ते स्वतः दुकानात येऊन सांगून गेले, जुना विषय एका शब्दानं काढला नाही. उत्रोलीला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, तीनशे माणसांचा स्वयंपाक केला होता. जेवढे पत्ते आठवले तेवढी पत्रं गेली होती, बाकी सगळं निरोपांवर. गुरुजी नवा सदरा, नवी टोपी घालून सकाळपासून रस्त्याकडं तोंड करून उभे होते. एसटी थांबली की दोन पावलं पुढं जायचे. बारा वाजेपर्यंत त्रेचाळीस माणसं आली.

फलटणकडून चंद्राबाई नावाची एक बाई आली होती, कडेवर नातू. ती सगळ्या मांडवातून एक चक्कर मारून आली आणि गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, आपला भिमा न्हाई का आला? त्यो तर पुण्यालाच असतो म्हनत्यात."

"पत्ता व्हता गं त्याचा," गुरुजी म्हणाले. "व्हता माझ्याकडं."

मी दहा हातांवर होतो. उगाच ॲम्प्लिफायरचं बटण मागंपुढं करत बसलो. मग गुरुजींनी माइक घेतला. भाषण करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी हजेरी घेतली. तोंडपाठ. एक नाव घ्यायचे, थांबायचे, "हजर" आलं नाही की पुढचं नाव घ्यायचे. आलेली त्रेचाळीस माणसं, काही तर पन्नाशीची, आपलं नाव आलं की ताठ उभं राहून "हजर" म्हणायची. बाकीची नावं माझ्या लाउडस्पीकरमधून रिकाम्या खाचरांवर जात होती. भिमाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. त्या वेळी तरी मी उठायला हवं होतं. माइक माझा, वायर माझी, बोलायला फक्त चार पावलं चालायचं होतं. मी बसून राहिलो, आणि संध्याकाळी वायर गुंडाळून घरी आलो.

पुढच्या वर्षी नसरापूरचं स्थळ आलं. मुलगा झुल्फिकार, हायवेच्या कडेला स्वतःची बेकरी, स्वभावानं गरीब. अम्रीन हो म्हणाली. मी विचारलं, "तुला पसंत हाय न्हवं?" ती म्हणाली, "तुमाला हाय न्हवं?" निकाहाला सगळं भोर जेवून गेलं. फुरकाननं स्वतःची पोर सासरी निघाल्यासारखं रडून घेतलं. मी रडलो नाही, मी आचाऱ्याशी भांडत होतो.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर कळलं की गुरुजींनी अंथरूण धरलंय. मला भीती वाटली. गुरुजींची नाही, माझी. ते गेले तर हे सांगायचं कुणाला? तेव्हाही मी इतकं माझ्यापुरतंच बघत होतो. सकाळची गाडी पकडून उत्रोलीला गेलो. गुरुजी अंगणात बाजेवर उन्हाला पडले होते. नुसती हाडं उरली होती, पण मला बघून उठून बसले. मी सगळं सांगितलं. जुना पंखा, तेल, नवा काढून ठेवलेला, फुरकानचं बोलणं, माझे तीन शब्द.

"ठावं हाय की," गुरुजी म्हणाले.

"तुमाला?"

"म्या तिथंच बसलो व्हतो न्हवं? पोरगी काय म्हनली ते बी ऐकलं व्हतं. थोडे दिस चालंल, मग अडकंल. अठरा दिस चाललं."

"मग त्या दिशी तुमी बोलला का न्हाईत?"

"म्या इचारलं की तुमाला." गुरुजींना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "छत्तीस वर्षं वर्गात इचारलंय म्या. खडू कुनी पळवला ते मास्तराला ठाऊक असतंय, मन्सूरभाई. तरी इचारायचं. ज्याचं त्यानं उठून सांगावं म्हून."

मी बाजेची सुटलेली दोरी आत खोचायला लागलो.

"अम्रीनला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग माझ्याकडं कशापायी आलाय?" ते चिडले नव्हते, पण पुन्हा बाजेवर आडवे झाले आणि डोळ्यांवर हात घेतला. "जावा तिकडं."

मी घरी न जाता तसाच नसरापूरची गाडी पकडली. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बेकरीच्या मागं दोन खोल्या आहेत, तिथं अम्रीन पाट्यावर चटणी वाटत बसली होती. तिचा पोरगा झोपला होता.

"पाट्यावर का वाटतीस?" मी विचारलं. "मिक्सर हाय न्हवं?"

"बंद पडलाय. मानूस येनाराय उद्या."

"तू उघडून बघितलास का न्हाईस?"

"मला कुठं येतंय," ती म्हणाली.

टोमणा असता तर मला चाललं असतं. टोमण्याला मला उत्तर देता येतं. पण ती सहज बोलली, आपल्याला पोहता येत नाही असं कुणी सांगावं तशी. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि गुरुजींना जे सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं. तिचा वरवंटा थांबला, पण हात त्याच्यावरून निघाला नाही.

"ठाऊक हाय अब्बा," ती म्हणाली. "गुरुजींसाठी चहा घेऊन मी पडद्याआडच व्हते. त्यांनी इचारलं तवा थांबले. तुमी काय म्हनताय ते ऐकायला."

"मग?"

"मग काय? चहा गार झाला, वतून टाकला."

"तू बाहेर यायचं. माझ्या तोंडावर सांगायचं, अब्बा, ह्ये तुमी केलंय."

"फुरकानचाचांच्या समोर? तुमी खोटं पडला असता." ती म्हणाली. "चाचा बोलले त्याचं मला काय न्हाई वाटलं. लोकांचं बी न्हाई. दुसरा कॉम्प्युटर नीट करून दिला असता, लोक गप बसले असते. पन तुमी म्हनला. तुमाला ठाऊक व्हतं मला येतंय, आन् तरी तुमी म्हनला. मग मला बी वाटाय लागलं, येत नसंल."

मला बोलता येईना. मी, भोरचा मन्सूर. शेवटी म्हणालो, "सांगतो समद्यांना. चौकात उभा ऱ्हाऊन सांगतो. झुल्फिकारला आत्ताच सांगतो."

"काय सांगनार? हितं कुनाला ठाऊकच न्हाई मला असलं काय येत व्हतं ते."

तेवढ्यात झुल्फिकार बेकरीतून आत आला, हातात माझ्यासाठी ताजे बटर. सलाम केला, तब्येत विचारली, आणि म्हणाला, "अब्बा, आलाच हाय तर मिक्सर बघता का जरा?"

"मी कशाला?" मी म्हणालो. "हिला सांग. माझ्यापेक्षा चांगलं येतंय हिला."

झुल्फिकार मोठ्यानं हसला. "हिला? अब्बा, फ्यूज गेला तरी ही मला हाक मारती."

"खरं सांगतोय मी. अख्ख्या भोरात हिच्यासारखा हात नव्हता." माझा आवाज चढला होता. पोरगा झोपेत चुळबुळला. "रखमाजी गुरुजींच्या कॉम्प्युटरचा पंखा हिनं बसवला व्हता. तो मी काढला. चूक माझी."

झुल्फिकारचं हसू अर्धवट राहिलं. सासरा हे काय बोलतोय, ते त्याला समजेना. त्यानं अम्रीनकडं बघितलं. मीही बघितलं. ती नुसतं हो म्हणाली असती तरी पुरे होतं. मी तिला त्याच वेळी उचलून भोरला नेलं असतं, टेबलाची सगळी बाजू मोकळी करून दिली असती.

तिनं पाट्यावरची चटणी बोटानं निपटून वाटीत काढली आणि नवऱ्याला म्हणाली, "अब्बांचं कायतरीच असतंय. कुनाचं बी कौतुक करत्यात."

मग वाटी झाकून ठेवून ती हात धुवायला मोरीवर गेली.